तोंडावर शिक्का नको

माझ्या साडूंइतका नियमाचा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही, आणि त्या नियमांचा जाच त्यांच्या बायकोइतका दुसऱ्या कोणी सोसला नाही. त्यांची बायको ही माझी थोरली मेहुणी. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूंना जाऊन पाच महिने झाले. मी शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेला माणूस, कागदाशी माझं बरं जमतं. पण त्यांच्याविषयी दोन ओळी लिहिल्या की हसू येतं, तिसऱ्या ओळीला पेन थांबतं, आणि तो कागद दुसऱ्या दिवसावर जातो. अक्काला एक गोष्ट सांगायची त्यांची जवळजवळ तीस वर्षं राहून गेली होती. ती त्यांनी शेवटी कशी सांगितली, एवढं तरी लिहून ठेवावं असं वाटतं.

शहादा तालुक्यातल्या एका गावी ते पोस्टमास्तर होते. खेड्यात असतं तसं पोस्ट त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. एक टेबल, एक तराजू, शिक्क्याची गादी, भिंतीला पत्रांसाठी लाकडी खणांची फळी, आणि मधल्या दारापलीकडे सरळ स्वयंपाकघर. आत मिरचीची फोडणी पडली की बाहेर मनीऑर्डर करायला आलेली माणसं शिंकत. पण साडूंच्या लेखी त्या दोन खोल्यांमधला उंबरा म्हणजे सरहद्द होती. सकाळी ते स्वयंपाकघरात चहा पीत, मागच्या दारानं बाहेर पडत, घराला वळसा घालत आणि पुढच्या दाराचं कुलूप काढून कामावर हजर होत. संध्याकाळी त्याच वाटेनं परत. पावसाळ्यात छत्री घेऊन जात, कारण वळसा तीस-चाळीस पावलांचा होता. एकदा ते न्हाव्याकडे अर्धा गाल साबणात घेऊन बसले असताना कोणी विचारलं, "मास्तर, मन्हं काही उनं का?" साडूंनी आरशातूनच उत्तर दिलं, "पोस्ट दहाले उघडस." तो माणूस त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता, आणि त्याचं पत्र आलेलं होतं.

अक्काला माहेरचं पत्र आलं तरी तेच. दुपारच्या गाडीनं थैली येई, साडू पत्रं लावत, अक्काचं पत्र तिच्या गल्लीच्या खणात पडे. दुसऱ्या दिवशी सुकलाल पोस्टमन ते पिशवीत घाली, पुढच्या दारानं निघे, वळून मागच्या दारी येई आणि हाक मारी, "अक्का, पत्र!" मधलं दार सताड उघडं असे. अक्का चुलीपुढून म्हणायची, "ओ, ते पत्र आठूनच फेका ना मन्हाकडे!" साडू चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "गिऱ्हाईकनी आतमा येवानं नही." हे ते गंभीरपणे म्हणत. अक्का मग माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची.

अशा माणसाला निवृत्तीनंतर तिकिटांचं वेड लागावं, यात नवल नव्हतं. नवल होतं ते कुठल्या तिकिटांचं लागलं याचं. आयुष्यभर त्यांनी तिकिटांवर शिक्के मारले, पण त्यांच्याकडे नीट पाहिलं ते नोकरी संपल्यावर. एका सकाळी वर्तमानपत्रात फोटो होता: पदकं जिंकलेल्या दिव्यांग खेळाडूंच्या गौरवासाठी निघालेली टपाल तिकिटं. एक जण एका हातानं भाला फेकतो आहे, एक बाई चाकांच्या खुर्चीत वाऱ्यासारखी चालली आहे, एकाला दोन्ही हात नाहीत आणि तो पाण्यात माशासारखा आडवा आहे. साडू तो फोटो घेऊन पहिल्या गाडीनं नंदुरबारला गेले. तिथं ती तिकिटं नव्हती; कुठून मागवायची ते कळलं. ती आल्यावर त्यांना कळलं की इतरही देशांनी अशी तिकिटं काढली आहेत, आणि मग सुरतच्या एका कापडवाल्याशी त्यांचा अदलाबदलीचा पत्रव्यवहार सुरू झाला. अल्बम त्यांना पसंत नव्हता. त्यांनी अक्काचा जुना मसाल्याचा डबा घेतला, त्याच्या वाट्यांत खेळाडू लावले: जिऱ्याच्या वाटीत पोहणारे, मोहरीच्या वाटीत धावणारे, हळदीच्या वाटीत खुर्चीवाले. डबा धुतलेला होता, पण मसाल्याचा डबा धुतला म्हणून विसरत नाही. सुरतवाल्यानं एकदा कळवलं की आपण पाठवलेल्या जलतरणपटूला हिंगाचा वास येतो, तरी तो चालेल.

पाकिटांवरची तिकिटं ते ताटात पाणी घेऊन सोडवत आणि गच्चीवर सुकत घालत. गच्चीवर त्या दिवसांत अक्काच्या मिरच्यांची पथारी असे. एका दुपारी वारा सुटला, तिकिटं मिरच्यांत गेली, आणि ती सापडायच्या आत मिरच्या गिरणीत गेल्या. संध्याकाळी अक्का शांतपणे म्हणाली, "ओ, तुम्हना एक पव्हणारा मिरचीमा कुटाई गया." त्या वर्षीची चटणी साडूंनी फार आदरानं खाल्ली.

पण तिकिटं जमवून गप्प बसणारे ते नव्हते. कोण किती लांब फेकतो, हे त्यांना पाठ असे, आणि ते अंतर समोरच्याला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नवापूरला आमच्या नात्यातल्या एका लग्नात त्यांनी वरमाला झाल्या-झाल्या खिशातून पाकीट काढलं, त्यातलं बसून गोळा फेकणाऱ्या बाईचं तिकीट नवरदेवाच्या काकांना दाखवलं. काका पोल्ट्रीवाले, मनानं चांगले. तिकीट डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "अरेरे, बिचारी." साडूंचा चेहरा बदलला. "बिचारे तुम्ही शेतस," ते म्हणाले. "तिन्हाजोडे पदक शे. तुम्हनाजोडे काय शे?" काकांना वाटलं हा पाहुणा कोंबड्यांची चौकशी करतो आहे, त्यांनी आकडा सांगायला सुरुवात केली. तोवर साडू स्टेजपासून निघालेही होते. एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजत, वऱ्हाडी मंडळींच्या मधून, पंगतीच्या टोकाला ओलांडून ते आइस्क्रीमच्या टेबलापाशी जाऊन थांबले, वळले आणि गोळा इथवर येतो हे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "आठेलोंग! बठीसन! पाय न हालाडता!"  मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि बँडवाल्यांना वाटलं नवरी निघाली.

कधी मोलगीच्या बाजारापर्यंतही ते जात. अक्कलकुव्याहून जीपमध्ये दाटीनं बसून वर जायचं आणि तिथं हातापायानं अधू असा कोणी दिसला की त्याच्यापुढे तिकीट धरायचं. एका हातानं कोंबडा सांभाळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं भालाफेक्याकडे बराच वेळ बघून विचारलं, "तुमचा पोरगा?" साडू म्हणाले, "हो, आमचाच." ते तिकीट त्याला देऊन आले. नंतर मला म्हणाले, खोटं बोललो खरं, पण तपशील फार मोठा होता आणि जीप सुटत होती.

त्यांच्या निवृत्तीनंतर पोस्ट गल्लीपलीकडे ग्रामपंचायतीच्या इमारतीत गेलं होतं आणि तिथं शहाद्याहून येणारी एक तरुण मुलगी काम बघायची. खेळाडूंची जादा तिकिटं साडू स्वतःच्या पत्रांना लावत, पण पत्र पेटीत टाकत नसत, तिच्या टेबलाशी उभे राहत. "बेटा, तोंडवर शिक्का नको मारू."

ती म्हणायची, "आबा, शिक्का तिकिटावर बसलाच पाहिजे. नियम आहे."

"नियम माले नको सांगू. शिक्का बसवना, पन बाजूले. मानूस आखा देखावाले पाह्यजे." मग ते तिच्या हातातून शिक्का घेत, परत देत, कारण आता तो हातात घ्यायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि नुसत्या बोटानं जागा दाखवत. शिक्क्याच्या वर्तुळाचा एक काठ तिकिटाच्या कडेला टेकेल, उरलेला पाकिटावर जाईल, तारीख वाचता येईल आणि खेळाडूच्या चेहऱ्याला शाईचा थेंब लागणार नाही. ती शिकली. आज त्या गावातून निघालेलं पत्र मी लांबून ओळखतो. तिकिटावर खेळाडू असो की पक्षी, तोंड स्वच्छ असतं.

हे सगळं वेड कुठून आलं, ते मला नवापूरच्या त्या लग्नाहून परतताना कळलं. अक्का आणि माझी बायको दोन दिवस मागे राहिल्या होत्या. गाडीत आम्ही दोघेच. सुरतेकडून येणाऱ्या ट्रकांमागे गाडी रखडत होती. साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर, अक्कानं पुण्यानं पत्र तुम्हले याद शे का?"

मला आठवत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच आठवतं. अक्काचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, पण खांदे असे की गव्हाचं पोतं भिंतीला लावायचं तर गडी तिला हाक मारत. आपला जिल्हा धुळ्यात होता तेव्हाची गोष्ट. धुळ्याला अपंगांच्या स्पर्धा झाल्या, अक्कानं बसून गोळा फेकला आणि पदक आणलं. राज्याच्या निवडीसाठी पुण्याचं बोलावणं पत्रानं येईल, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. मी शाळेतला गोळा तिला आणून दिला होता. मागच्या अंगणात खुर्ची टाकून ती रोज फेकायची. अंगणात एका जागी खड्डाच झाला होता. बोलावणं आलं, पण निवडीचा दिवस उलटून गेल्यावर. पत्र उशिरा आलं, असं आम्ही म्हणालो. अक्का चार दिवस जेवली नाही, पाचव्या दिवशी गोळा शाळेत परत पाठवला, आणि पदक धान्याच्या कोठीच्या किल्ल्यांना अडकवून टाकलं. ते अजून तिथंच आहे.

"पत्र उशिरा नव्हतं उनं, सर," साडू म्हणाले. "येळवर उनं व्हतं. सुकलाल रजावर गयथा, सालाना लगनले. पत्र तीन दिवस खणमा पडेल व्हतं."

 ते पुढे म्हणाले, "मांगला अंगणमा ती गोळा फेके. तो धप्प आवाज माले टेबलवर आयकू ये. पत्र समोर दिखे."

"मग उठून दिलं का नाही?"

"वाटे, सुकलाल सकाळ येई. मास्तरनी टपाल वाटानं नही." मग म्हणाले, "पंधरा पावलं व्हतात, सर. मी मोजेल शेतस."

मला राग आला असता, पण शेजारी बसलेला माणूस इतका लहान झाला होता की राग ठेवायला जागा नव्हती. अक्काला हे कधीच सांगितलं नव्हतं. आणि आता हृदयाच्या डॉक्टरांनी जिने चढू नका, फार चालू नका असं बजावलं होतं. सांगायचं तर आत्ताच, हे त्यांना कळत होतं. तोंडानं सांगणं जमत नव्हतं. त्यांनी मला पत्र लिहून द्यायला सांगितलं. मी दोन दिवस खपून दीड पान लिहिलं, बरं लिहिलं होतं. त्यांनी ते वाचून घडी घालून परत दिलं. "हाई पुस्तकनं शे, सर. ती पहिली ओळमा वळखी ली." मग त्यांनी स्वतःच लिहिलं, त्यांना येत होत्या त्या एकाच भाषेत, कचेरीच्या. ते पत्र अक्कानं मला नंतर दाखवलं. घरचा पत्ता, तारीख, आणि खाली:

"सौ. अक्का यांस. आपले निवड चाचणीचे पत्र या कार्यालयात वेळेवर प्राप्त झाले होते. ते तीन दिवस पडून राहिले. पोस्टमन रजेवर होता. मी रजेवर नव्हतो. तरी माफी असावी."

पाकिटाला त्यांनी ते बसून गोळा फेकणाऱ्या बाईचं तिकीट लावलं आणि गल्ली ओलांडून पोस्टात गेले. पत्ता वाचून ती मुलगी म्हणाली, "आबा, घर तर हे समोर आहे. जाता जाता देऊन टाका ना." साडू म्हणाले, "नही बेटा. वाटपले जाऊ दे." तिनं शिक्का मारला, बाईच्या चेहऱ्याला शाई न लावता. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला नवा पोस्टमन मागच्या दारी आला. साडू ओट्यावर बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. अक्कानं पत्र घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आत गेली.

ती बोलली नाही. चहा ठेवत होती, ताट वाढत होती, औषधाची गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी मांडत होती, शब्द नाही. आमचं घर दोन गल्ल्या सोडून. साडू रोज दुपारी यायचे, डॉक्टरांनी मना केलेलं असून चालत यायचे, ग्रंथालयातून निवृत्त होताना मला मिळालेल्या खुर्चीत बसायचे आणि सांगायचे, "काही बोलनी नही." पहिल्या दिवशी मी धीर दिला. दुसऱ्या दिवशी म्हणालो, तुमच्यातर्फे मी बोलून बघतो. त्यांनी हात हलवला. "नको. जिन्हं पत्र तिन्हंच उत्तर." तिसऱ्या दिवशी ते नुसतेच बसले. वाटीतली शेव मऊ पडली तरी हात लावला नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नियमाशिवाय बघत होतो. कुठं बसावं, कुठल्या दारानं जावं, काही त्यांना ठरवता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी अकरा वाजता, पत्र ज्या वेळी आलं होतं त्याच वेळी, अक्का ओट्यावर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. मी तिथंच होतो. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "आते समजनं का तुम्हले, तीन दिवस कितला मोठा ऱ्हातस?"

साडूंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

"मंग खुर्ची काढा भाईर," अक्का म्हणाली. "आनि भाऊ, तुम्ही तो वरवंटा आना."

शाळेचा गोळा केव्हाच भंगारात गेला होता. मागच्या अंगणात आम्ही खुर्ची टाकली, अक्का बसली, वरवंटा मानेशी धरला, तिनं एकदा डोळे मिटले आणि फेकला. साठीची बाई, पण खांदा तोच. वरवंटा पाण्याच्या टाकीला चाटून पलीकडे पडला, आणि टाकीच्या नळाचं तोंड वाकडं झालं ते आजही वाकडं आहे. साडू उठले आणि मोजायला लागले. मोठ्यानं, प्रत्येक आकडा म्हणत. आजारानं त्यांची पावलं लहान झाली होती, त्यामुळे आकडा वाढतच गेला, धुळ्याच्या पदकाच्याही पुढे गेला. वरवंट्यापाशी पोचून त्यांनी तो आकडा जाहीर केला. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की पावलं खोटी आहेत. अक्का म्हणाली, "लिखी ठेवा." आणि नियमाचा तो माणूस आत गेला, वही आणली आणि तो खोटा आकडा तारखेसह लिहून खाली सही केली.

त्यानंतर ते सात महिने होते. ते महिने चांगले गेले, असं मी खात्रीनं सांगू शकतो. थंडीत एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले.

परवा मी अक्काकडे गेलो होतो. मसाल्याच्या डब्यातली तिकिटं आमच्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची तिची इच्छा आहे, त्याबद्दल बोलायला. बोलणं झालं. चहा झाला. मी निघायला उठलो तेव्हा तिनं मला थांबवलं.

"भाऊ, मी तीन दिवस त्यास्नासंगे बोलनू नही."

"तुमचा हक्कच होता, अक्का."

"व्हता. तव्हय वाटनं, बराबर करं." तिनं माझ्या हातातली रिकामी बशी घेतली आणि ती हातातच धरून राहिली. "आते वाटस, एक दिवस बस व्हता."

मी जन्मभर पुस्तकांत राहिलो. उरलेल्या त्या दोन दिवसांचं तिनं काय करावं, हे मला कुठं वाचल्याचं आठवलं नाही. मी परत खाली बसलो.